खंडेनवमीचा बार आणि शिंगातली काळी दारू

आश्विन शुद्ध नवमी उजाडली, की घरोघरी शस्त्रांची पूजा मांडली जाते. ज्याच्या जीवनाचे जे साधन, तेच त्याचे शस्त्र, ह्या न्यायाने सुताराची करवत, शेतकऱ्याचा कोयता, लेखकाची लेखणी आणि गृहिणीची विळी ह्या साऱ्यांना त्या दिवशी हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहिले जाते. आमच्या कोकणातल्या घरी पूजेच्या पाटावर आणखी एक वस्तू असते. ती म्हणजे पणजोबांच्या काळापासून चालत आलेली ठासणीची बंदूक. लांब काळसर नळी, तिच्या पोटाशी अडकविलेला लोखंडी गज, फणसाच्या लाकडाचा दस्ता, आणि शेजारी काळी दारू ठेवण्याचे म्हशीचे शिंग. शिंगाच्या तोंडाला लाकडी बूच आणि बुचाला दोऱ्याने बांधलेले एक लहानसे पितळी माप.

लहानपणी आम्हां मुलांचे सारे लक्ष त्या मापाकडे असे. पूजा, आरती आणि नैवेद्य आटोपला, की आबा बंदूक घेऊन घरामागच्या कातळावर जात. पीकसंरक्षणासाठी सरकारातून मिळालेल्या परवान्याची ती बंदूक. भाताच्या लोंब्या भरू लागल्या, की रानडुकरे शेतात उतरतात, त्यांना हुसकावण्यासाठी एरवी तिचा उपयोग. नवमीला मात्र तिच्यात छर्रा पडत नसे. आबा शिंगातून एकच माप दारू नळीत ओतीत, वर काथ्याचा बोळा घालून गजाने ठाशीत, आणि आम्हांला दूर उभे करून रिकाम्या डोंगराच्या दिशेने एक बार काढीत. डोंगरातून त्याचा प्रतिध्वनी उठे, पांढरा धूर कातळावर रेंगाळे, आणि आजी घरातून म्हणे, “पोहोचली हो देवीला वर्दी!” दुसरा बार कधीच होत नसे. आम्ही हट्ट धरला, तर आबा शिंगाचे बूच घट्ट लावून म्हणत, “बाळांनो, मानाचा बार एकच. दुसरा हौसेचा.”

आता आबा नाहीत. परवाना काकांच्या नावावर आहे. बंदूक आहे, गज आहे, माप आहे, पाटही तोच आहे. परंतु शिंग रिकामे आहे. तालुक्याच्या गावी परवानाधारकांना दारू, छर्रे आणि टोप्या नोंद करून देणारे एक जुने दुकान होते. ते मालकाच्या पश्चात बंद झाले. जिल्ह्याच्या गावी चौकशी केली, तेव्हा “काडतुसे हवी असल्यास मिळतील, सुटी काळी दारू येत नाही,” असे उत्तर मिळाले. दसऱ्याच्या आधी एका वर्षी काकांनी ह्या एका मापासाठी तीन गावांच्या खेपा केल्या. त्या खेपांतून जे कळले, आणि त्याच्या निमित्ताने जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

दारू म्हणजे मूळचे औषध

सणाच्या पानावर ‘दारू’ हा शब्द वाचून काही वाचक दचकले असतील. येथे अर्थातच मद्याचा संबंध नाही. फारसी भाषेत ‘दारू’ ह्या शब्दाचा मूळ अर्थच औषध असा आहे. नवल असे, की हीच कल्पना दूरदूरच्या भाषांत आढळते. ह्या चूर्णाचा शोध ज्या चीन देशात लागला, तेथे त्याला ‘अग्नीचे औषध’ अशा अर्थाचे नाव आहे. आपल्या शेजारच्या कानडीत ‘मद्दु’, तेलुगूत ‘मंदु’ आणि तमिळमध्ये ‘मरुंदु’ हे शब्द औषध आणि बंदुकीची दारू अशा दोन्ही अर्थांनी वापरले जातात. औषध म्हटले, की मात्रा आली, अनुपान आले आणि ते देणारा जाणता वैद्यही आला. मात्रेत ते तारते आणि मात्रेबाहेर मारते. आबांच्या पितळी मापाचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी ह्या शब्दांपाशी उमगला.

काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा ह्यांचे मिश्रण. कोळसा जळतो, सोरा त्याला जळण्यास लागणारा प्राणवायू पुरवितो आणि गंधक ठिणगीला चटकन धरतो. ही दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपच राहतो. तोच धूर होऊन बाहेर पडतो आणि काजळी होऊन नळीत बसतो. म्हणून बार काढल्यानंतर आबा कितीही दमलेले असले, तरी नळी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेलाचा बोळा फिरविल्याखेरीज जेवावयास बसत नसत. ती काजळी तशीच राहिली, तर ओल धरून लोखंड खाऊ लागते.

कोरडी दारू आणि सीमोल्लंघन

पांडवांनी अज्ञातवासात आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेविली आणि वर्ष संपताच अर्जुनाने ती उतरविली, ही विराटपर्वातील कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. शस्त्र झाकून ठेवण्याचा एक काळ असतो आणि ते उघडण्याचा दुसरा. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत. नद्या उतरलेल्या, वाटा सुकलेल्या, घोड्यांना चारा झालेला, ही कारणे आपण नेहमी सांगतो. त्यांच्या जोडीला दारू हेही एक कारण होते. भर पावसात तोड्याच्या बंदुकीची जामगी विझते, कानावरची रंजक भिजते आणि शूर माणूसही हातातल्या लाकडी दांडक्यासह उभा राहतो. २३ जून १७५७ रोजी प्लासीच्या रणांगणावर ऐन लढाईत पावसाची सर आली. इंग्रजांनी आपली दारू ताडपत्रीखाली झाकली. नबाबाच्या सैन्याची दारू भिजली आणि त्याच्या तोफा थंडावल्या. त्या दिवशीच्या निकालास फितुरी कारण झाली हे खरेच, पण ओल्या दारूचाही त्यात वाटा होता.

आपल्याकडे ह्या विषयाचा विचार किती बारकाईने झाला होता, ह्याची साक्ष रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र देते. इ. स. १७१५च्या सुमारास लिहिलेल्या ह्या राजनीतिपर ग्रंथात गडावरील दारूखान्याविषयी स्वतंत्र सूचना आहेत. दारूखाना राहत्या घरापासून अलग असावा, दारू तळघरात ओलीपासून जपून ठेवावी, हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून तिला ऊन द्यावे, पुन्हा मोहोर करून बंद करावी आणि राखणीस माणसे ठेवावीत, असा त्यांचा आशय आहे. रायगडावर बारा टाक्यांच्या बाजूस दारूकोठाराचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. मुंबईच्या रे रोड भागातील ‘दारूखाना’ ह्या नावातही त्याच जुन्या कोठारांची आठवण राहिली आहे. सारांश, ज्यांनी दारूच्या बळावर राज्य राखले, त्यांनी तिला कधी मोकळे सोडले नाही. तिच्यावर मोहोर असे, मोजदाद असे आणि पहारा असे.

ही दारू गेली कोठे?

एके काळी सोऱ्यासाठी जग हिंदुस्थानाकडे पाहत असे. बिहारमधील पाटणा आणि छपरा ह्या मुलखांतील खारट मातीतून नोनिया लोक सोरा काढीत. सतराव्या शतकापासून डच आणि इंग्रज कंपन्या तो जहाजे भरभरून युरोपात नेत. युरोपातल्या कितीतरी लढायांचा धूर ह्या भारतीय मातीतून उठलेला होता. पुढे इंग्रजांनी बंगालमध्ये इशापूर येथे १७८७ मध्ये दारूचा कारखानाच उभारला.

त्यानंतर १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल ह्या रसायनज्ञाने धूर न करणारी नवी दारू सिद्ध केली. ती अधिक जोरकस होती आणि सैनिकाची जागा धुराने उघडी पाडीत नव्हती. पाहता पाहता जगातील सैन्यांनी काळ्या दारूचा त्याग केला. आपल्याकडेही विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीतील अरवनकाडू येथे कॉर्डाइट ह्या नव्या दारूचा कारखाना निघाला, आणि इशापूरला दारूच्या जागी रायफली होऊ लागल्या. काळ्या दारूला मग तीनच आसरे उरले. एक आतषबाजी, दुसरा खाणीतील वाती आणि सुरुंग, आणि तिसरा आमच्यासारख्यांची ठासणीची बंदूक. सुरुंगांत पुढे तिच्याहून प्रभावी स्फोटके आली. आणि ठासणीच्या बंदुका माळ्यावर गेल्या, तशी त्यांची दारू ठेवणे दुकानदारांना परवडेनासे झाले. साठा ठेवावयाचा तर स्वतंत्र परवाना, सुरक्षित कोठार, नोंदवह्या, तपासणी. आणि गिऱ्हाईक वर्षाकाठी चार-दोन मापांचे!

ही अडचण केवळ आपली नाही. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीने निशाणबाजी करणारे हजारो हौशी लोक आहेत, आणि ह्या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७१ पासून स्पर्धा भरविते. तरीही त्या संपन्न देशात काळी दारू बनविणारा मोठा कारखाना एकच उरला होता. लुईझियाना राज्यातील मिंडेन येथला तो कारखाना २०२१ मध्ये मालक कंपनीने बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा तेथल्या नेमबाजांतही मोठी चिंता पसरली. २०२२ मध्ये दुसऱ्या कंपनीने तो घेतला आणि त्यांच्या जिवात जीव आला. जेथे मागणी मोठी तेथे ही स्थिती. मग आमच्या तालुक्याच्या दुकानाचे काय सांगावे?

इतर प्रांतांतील मानाचे बार

देवकार्यात आणि गृहकार्यात बाराला मान देणारे आपण एकटेच नाही. कोल्हापुरात अंबाबाईच्या नवरात्राचा आरंभ तोफेच्या सलामीने होतो. म्हैसूरच्या विजयादशमीला राजवाड्यापाशी जुन्या तोफांतून एकवीस बारांची सलामी दिली जाते आणि चामुंडेश्वरीची मिरवणूक बन्नीमंटपाकडे निघते. बन्नी म्हणजे आपली शमी. ही सलामी पोलीस दलाचे शिकविलेले लोक देतात. तोफांची आधी पूजा होते, आणि आवाजाने बिथरू नयेत म्हणून हत्तीघोड्यांनाही अनेक दिवस अगोदर तालीम दिली जाते.

कावेरीचे उगमस्थान असलेल्या कोडगू प्रांतात तर बंदूक हा कुटुंबाचा घटकच आहे. तेथील कोडव लोक ३ सप्टेंबरला ‘कैलपोद’ म्हणजे शस्त्रांचा सण साजरा करतात. भातलावणीची कामे आटोपलेली असतात. देवघरात बंदुका मांडून त्यांना कळलावीचे फूल वाहतात. त्या फुलाला त्यांच्या भाषेत बंदुकीचे फूल असेच नाव आहे. मग नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा होतात. पुत्तरी ह्या त्यांच्या सुगीच्या सणात भाताची पहिली पेंढी कापताना बार होतो. घरी मुलगा जन्मला, की एक बार आणि माणूस गेले, की दोन बार, अशी तेथली रीत आहे. आवाजाची संख्या ऐकून गावाने ओळखावे, की कोणत्या घरी काय झाले. कोडवांना बंदुकीच्या परवान्यातून खास सूट आहे. तिची मुदत २०२९च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत वाढविण्यात आली असून कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये ती वैध ठरविली. मोजून बार काढणाऱ्या ह्या समाजाची ही सूट टिकली, ह्याला त्यांच्या शिस्तीची पुण्याई कारण आहे, असे मला वाटते.

ह्याच्या उलट चित्रही आपण पाहिले आहे. केरळात देवळांपुढे कदिना म्हणजे आपल्याकडील उखळीसारख्या नळकांड्यांत दारू ठासून बार काढण्याचा नवस असतो, आणि उत्सवांत आतषबाजीची चढाओढ चालते. १० एप्रिल २०१६च्या पहाटे परवूर येथील पुट्टिंगल देवीच्या मंदिरात परवानगी नाकारलेली असताना अशी चढाओढ झाली. एक ठिणगी साठ्यावर पडली आणि शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यांत देवीच्या दर्शनास आलेली भाविक माणसे होती. भक्ती तीच, देवीही तीच. सुटली होती ती मात्रा.

आडवाटेची दारू

आता पुन्हा आमच्या ओसरीवर येतो. काका तिसऱ्या गावाहून रिकाम्या हाताने परतले, तेव्हा आमचा एक चुलतभाऊ हळूच म्हणाला, “काका, जत्रेत उखळी भरणारा एक जण ओळखीचा आहे. दोन मापे द्यायला तयार आहे. देवाच्याच कामाला लागणार, मग काय बिघडले?”

क्षणभर सर्वांनाच मोह झाला. नवमी दोन दिवसांवर आली होती. आबांच्या पश्चात बार चुकलेला नव्हता. आजी नव्हती, पण तिचा शब्द साऱ्यांच्या कानांत होता. काका बराच वेळ रिकाम्या शिंगाकडे पाहत बसले. मग म्हणाले, “अरे, देवाचे काम म्हणूनच नको. जी वस्तू घेताना पावती मागायची सोय नाही, ती मी पाटावर ठेवायची कशी?”

काकांचा तो निर्णय केवळ भावनेचा नव्हता. परवान्याखेरीज दारू तयार करणे हा स्फोटकांच्या कायद्याने गुन्हा आहे. १८८४चा तो कायदा आणि त्याखालील २००८चे नियम राबविणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अशा दारूत काय मिसळले आहे, हे घेणाऱ्याला कळत नाही. क्लोरेट जातीचे क्षार गंधकात मिसळले, तर ते मिश्रण केवळ घर्षणानेही पेट घेऊ शकते. म्हणूनच १९९२ मध्ये केंद्र सरकारने अशा मिश्रणावर बंदी घातली. फटाक्यांतली दारू बंदुकीसाठी नसतेच. गजाने ठासतानाच तिने घात केला, तर ठासणाऱ्याचा हात जागेवर राहत नाही. काडतूस फोडून त्यातली धूररहित दारू वापरावी, अशीही एक सूचना आली होती. तीही तितकीच घातक. तिचा जोर जुन्या नळीला सोसत नाही आणि नळी हातातच फुटते. ठासणीच्या बंदुकीला काळी दारूच हवी, आणि तीही परवान्याच्या दुकानातून आलेली. ह्याला दुसरा पर्याय नाही.

आणखी एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने समारंभांत, लग्नांत आणि देवस्थानी इतरांच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने हौसेने गोळीबार करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला असून त्याला दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. वरातीत हवेत झाडलेल्या गोळीने कोणाच्या तरी घरचा दिवा विझल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तेव्हा परवाना असला आणि दारूही मिळाली, तरी माणसांच्या गर्दीत बार नकोच.

दसऱ्याच्या साफसफाईत एवढे करावे

नवरात्राआधी माळे, कोनाडे, जुन्या पेट्या उघडल्या जातात. अशा वेळी पूर्वजांची बंदूक किंवा दारूचे शिंग हाती लागते. ती बंदूक रिकामीच असेल, असे कधीही धरून चालू नये. पन्नास वर्षांपूर्वी कोणी भरून ठेविलेली दारू नळीत तशीच असू शकते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू म्हातारी होत नाही. चाप ओढून पाहू नये, नळीत डोकावू नये, मुलांच्या हाती देऊ नये. डब्यात वा शिंगात काळे दाणे आढळल्यास ते चुलीत, बंबात किंवा होळीत टाकू नयेत. दिवा, उदबत्ती आणि निरांजन दूर ठेवून जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे. बंदूक चालू स्थितीत असेल, तर ती कितीही जुनी असली, तरी परवाना लागतो. परवाना ज्यांच्या नावे होता, ते दिवंगत झाले असल्यास ती गोष्ट लपविण्यापेक्षा वेळीच कळविण्यात घराण्याची अब्रू आहे. पूजेत बंदूक ठेवावयाची असेल, तर ती रिकामी असल्याची जाणकाराकडून खात्री करून घ्यावी आणि निरांजनापासून दूर ठेवावी.

रिकाम्या शिंगाची पूजा

त्या नवमीला आमच्या घरी बार झाला नाही. पाट मांडला, विळी-कोयत्याशेजारी बंदूक ठेविली, तिला गंध लागले. रिकाम्या शिंगाचे काय करावे, हा प्रश्न होता. काकूने त्याचे बूच काढले, त्यात नव्या भाताची एक लोंबी आणि झेंडूचे एक फूल खोचले आणि ते देवीसमोर ठेविले. आरती झाल्यावर काकांनी कातळावर जाऊन शंख फुंकला. डोंगराने त्यालाही साद दिली.

काकांनी शोध सोडलेला नाही. त्यांचे अर्ज चालू आहेत, पत्रे जातात, उत्तरे येतात. एखाद्या वर्षी परवान्याच्या दुकानातून पावतीसह एक माप दारू मिळेल, आणि मानाचा तो एक बार पुन्हा होईल. न मिळाली, तर शंख आहेच. ज्या भातासाठी ती बंदूक घरात आली, त्याची लोंबी शिंगात आहे. शमीवर ठेविलेली शस्त्रे वर्षभर मौन राहिली, म्हणून पांडवांचे क्षात्रतेज उणे झाले नाही. उलट, वेळ आणि मर्यादा त्यांनी पाळली, म्हणूनच ती शस्त्रे काढताना विजय त्यांच्या बाजूस उभा राहिला.

उद्या आपण एकमेकांना आपट्याचे सोने देऊ. आज पाटावर जे शस्त्र ठेवाल, त्याची धार, त्याचे मूळ आणि त्याचे माप एकदा पाहून घ्या. देवीला आवाज मोठा झाला की नाही, ह्याची चिंता नसते. तिच्यापुढे आलेली वस्तू स्वच्छ हाताने आली आहे, एवढे तिला पुरते.